विकाचा का ठेवाचा?

मुलीकडे धरमपेठेत आलो होतो. गावी ट्रॅक्टर रंगवायचा होता, म्हणून तिथल्याच एका दुकानात शिरलो. म्हटलं, "ट्रॅक्टरले लाल रंग पाह्यजे."

दुकानदारानं विचारलं, "काकाजी, विकाचा हाय का ठेवाचा?"

मी गप्प झालो. विकायचाच होता.

त्याचं विचारणं धंद्याचं होतं. ठेवायचा असेल तर काम मोठं. आधी ग्रीस पुसा, तारेच्या ब्रशनं अन् पॉलिश पेपरनं गंज खरवडा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, तो वाळला की ऑइलपेंटचे दोन पातळ हात. सायलेन्सरला उष्णता सोसणारा रंग वेगळा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाते, त्यावर पावसाळा. कच्चं काम टिकत नाही. विकायचा असेल तर एवढं कोण करते? धुवा अन् वरून एक हात मारा. काही दिवस चकाकते. सुटलेल्या गंजावर रंग धरत नाही. पोपडा आला की पाणी आत शिरते अन् लोखंड झाकल्या जागी खात राहते.

२० वर्षांपूर्वी मी एक ट्रॉली विकली. हुकाजवळ तडा गेला होता. मी त्यात लांबी भरली, घासली, वरून निळा रंग दिला. घेणाऱ्यानं टायर पाहिले, रंगावरून हात फिरवला. म्हणाला, "नवीच दिसते जी." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढच्या हंगामात कापूस भरलेली ती ट्रॉली हुकातून तुटून नालीत गेली. कोणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. तो भांडायला आला नाही. बाजारात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "रंग चांगला होता, भाऊ."

रंग म्हणजे खोटेपणा, असं मी म्हणणार नाही. पोळ्याला आपण बैलाची शिंगं साळतो, हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण त्या दिवशी बैल विकायला उभा नसतो. तीच शिंगं बाजाराच्या आदल्या दिवशी म्हातारा बैल तरणा दिसावा म्हणून रंगवली, तर पाप. हिंगूळ तोच, हातही तोच. मनातला हेतू फिरला.

लोक म्हणतात, घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावे. मीही कितीक वर्षं हेच म्हणत होतो. पण मीच बुजवलेला तडा त्याला डोळे उघडे ठेवून तरी कसा दिसावा? बैलाचं तोंड उघडलं की दोन दाती, चार दाती, जुळला, सारं कळत होतं. लोखंडाला दात नसतात. तिथं विकणाऱ्यानंच तोंड उघडावं लागते.

दुकानदाराला म्हटलं, "ठेवाचा समजून दे."

गावी येऊन ट्रॅक्टर खरवडून रंगवला. मागं जिथं वेल्डिंग केलं होतं, तेवढी जागा रेड ऑक्साइडवरच ठेवली अन् गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवली. त्यानं ८ हजार कमी केले. बायको म्हणाली, "येवढं खरं कायले बोलाचं?" मला उत्तर सुचलं नाही. ८ हजार गेल्याचं वाईट वाटलंच.

त्या ट्रॉलीवाल्याचे पैसे मात्र अजून माझ्याकडेच आहेत.