दुसरा कुत्रा : गरज, मर्यादा आणि अमानत



वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर किंवा कारंजा परिसरातले एखादे शेतकरी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. सोयाबीन निघाले आहे, तूर फुलावर आहे, हरभरा नुकताच वर आला आहे. अंधार पडला की रोह्यांचे कळप आणि रानडुकरे वावरात शिरतात. डुकरांनी एका रात्रीत उकरून टाकलेला हरभरा पुन्हा पेरायला हातात ना वेळ असतो, ना बियाणे. या कुटुंबाकडे राखणीचा एक कुत्रा आहे. दहा-अकरा वर्षे त्याने धुऱ्यावर रात्री काढल्या. आता त्याला ऐकू कमी येते, मागचे पाय साथ देत नाहीत. डुक्कर जवळून गेले तरी तो उठत नाही.

घरातला तरुण मुलगा म्हणतो, "एक पिल्लू आणू या." आजोबा म्हणतात, "एक कुत्रा ठेवला तीच सवलत होती. दुसरा आणून घरातील पुण्य का घटवायचे?" तिसरा एक व्यवहारी माणूस तोडगा सुचवतो : "जुन्याला दूरच्या बाजारगावी सोडून द्या आणि नवा आणा. म्हणजे कुत्रा एकच राहील."

तिघांचाही हेतू वाईट नाही, आणि आपण दीनला धरूनच बोलत आहोत असे तिघांनाही वाटते. म्हणूनच हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. कुत्र्यांची संख्या हा त्याचा वरवरचा भाग झाला. सवलत कोठे सुरू होते, कोठे संपते, आणि सवलतीचा लाभ घेतल्यावर आपल्यावर कोणती जबाबदारी येते, हे त्याचे मूळ आहे.

प्रथम मर्यादा पाहू. ह. अबू हुरैरा (रजि.) आणि ह. अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसींचा आशय आपल्या परिचयाचा आहे : शिकार, जनावरांची राखण किंवा शेती यांव्यतिरिक्त जो कुत्रा पाळतो, त्याच्या सत्कर्मांतून दररोज एक कीरात, आणि काही कथनांनुसार दोन कीरात, पुण्य कमी होत जाते. हे प्रमाण क्षुल्लक समजू नये. जनाजाच्या नमाजचे पुण्य सांगताना हाच शब्द आला आहे आणि तेथे कीराताची तुलना उहुद पर्वताशी केली आहे. दोन्ही ठिकाणी माप एकच आहे का, यावर विद्वानांत चर्चा आहे. परंतु इशारा गंभीर आहे, यात शंका नाही. कुत्रा असलेल्या घरात दयेचे फरिश्ते प्रवेश करीत नाहीत, ही हदीसही आपण ऐकलेली आहे. तेव्हा आजोबांची धास्ती निराधार नाही. हौस, देखावा किंवा शेजाऱ्याने आणला म्हणून आपणही आणावा, ही कारणे या सवलतीत बसत नाहीत.

मात्र हीच शिकवण सवलतही तितक्याच स्पष्टपणे देते. इमाम बुखारी (रह.) यांनी ही हदीस आपल्या संग्रहात शेतीविषयक प्रकरणात घेतली आहे. शेतकऱ्याची गरज शरीअतने पाहिली आहे, तिला नाव दिले आहे. दिव्य कुरआनच्या सूरह अल्-माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडून आणलेल्या शिकारीची अनुमती आहे, आणि तुम्ही त्यांना जे शिकवता ते ज्ञान अल्लाहनेच तुम्हाला दिले आहे, याची आठवणही तेथे करून दिली आहे.

आता दुसऱ्या कुत्र्याकडे वळू. वरील हदीसींत संख्या सांगितलेली नाही, प्रयोजन सांगितले आहे. म्हणून "एक जाइज, दुसरा नाजाइज" असे सरळ गणित मांडता येत नाही. फिक्हमधील एक मान्य तत्त्व असे आहे की, गरजेपोटी मिळालेली मुभा गरजेच्या मापानेच मोजली जाते. एका कुत्र्याने भागत असेल, तर त्याच्या अनुमतीच्या सावलीत दुसरा आपोआप बसत नाही. दोन वावरे दोन दिशांना असतील, किंवा पहिला थकला असेल, तर दुसऱ्याची गरज स्वतंत्रपणे खरी ठरू शकते.

हे माप आपल्याच हाती आहे, आणि धोकाही तेथेच आहे. दुसरे पिल्लू आणण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे : माझ्या शेतात खरोखर उपद्रव आहे का? मचाणावरची जागल, झटका मशीन किंवा कुंपण यांनी काम भागेल का? वावर विकून आपण शहरात राहायला गेलो असू, तर "राखण" हा शब्द आपण केवळ मनाच्या समाधानासाठी वापरत नाही ना? शेजाऱ्याला पटेल असे उत्तर पुरेसे नाही. अंतःकरणातील गोष्ट जाणणाऱ्या अल्लाहपुढे टिकेल असे उत्तर हवे.

आता सर्वांत कठीण गाठ. तिसऱ्या माणसाच्या तोडग्यामागे एक युक्तिवाद आहे आणि तो नीट मांडला पाहिजे. कुत्रा ठेवण्याची अनुमती कामामुळे होती. काम संपले, अनुमती संपली. मग निकामी कुत्रा ठेवून रोज पुण्य का गमवावे? शब्दांपुरते पाहिले तर हा युक्तिवाद बिनचूक वाटतो. परंतु तो एकाच हदीसवर उभा आहे आणि बाकीच्या शिकवणीकडे पाठ फिरवतो.

मांजरीला बांधून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आठवा. तिने तिला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. त्यामुळे ती शिक्षेस पात्र ठरली. कोणी म्हणेल, "आम्ही तर मोकळे सोडतो आहोत." पण दहा वर्षे आपल्या हातची भाकरी खाल्लेला, बहिरा, पाय ओढत चालणारा जीव अनोळखी बाजारात सोडणे म्हणजे त्याला मोकळे करणे होय का? तेथील कुत्री त्याला टिकू देणार नाहीत आणि शिकार त्याला करता येणार नाही. त्याची दोरी सोडली, तरी उपासमार त्याच्याबरोबर पाठवलीच. शिवाय आपले ओझे आपण दुसऱ्या गावाच्या माथी मारले. भेदरलेला कुत्रा तेथील एखाद्या मुलाला चावला, तर त्याचा हिशेब कोणाकडे मागितला जाईल?

एका अन्सारी सहाबींच्या बागेतील उंटाची घटना सुनन अबू दाऊदमध्ये आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांना पाहून त्या उंटाच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. प्रेषितांनी (स.) त्याला गोंजारून शांत केले आणि मालकाला बोलावून बजावले की, अल्लाहने ज्याची मालकी तुला दिली त्याच्याबाबत अल्लाहचे भय बाळग, तू याला उपाशी ठेवतोस आणि थकवतोस, अशी याची तक्रार आहे. मुके जनावर तक्रार करू शकते आणि ती ऐकली जाते, हे ज्याने ध्यानात घेतले, त्याला बाजारगावाचा तोडगा सुचणार नाही.

या प्रश्नावर पूर्वसूरींनीही विचार केला आहे. दमास्कस आणि कैरो येथे कार्य केलेले तेराव्या शतकातील थोर शाफई विद्वान इमाम इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम (रह.) यांनी 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात माणसावर असलेले जनावरांचे हक्क नोंदवले आहेत. जनावर म्हातारे झाले किंवा आजारी पडून त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याचा खर्च मालकाने करावा, हा त्यांपैकी एक हक्क आहे. उपयोग संपला म्हणून हक्क संपत नाही. सेवा करून घेणे हा आपला लाभ होता. म्हातारपणाची भाकर ही त्या लाभाची किंमत आहे.

म्हणून नवा कुत्रा आणणे आणि जुना सांभाळणे या दोन वेगळ्या कृती आहेत. नव्यासाठी गरजेचा पुरावा हवा. जुना गरजेपोटीच, सवलतीच्या चौकटीत आला होता. त्याला शेवटपर्यंत सांभाळणे ही हौस नव्हे. घेतलेल्या अमानतीची ती परतफेड आहे. आपल्या परिस्थितीचा नेमका मसअला परिसरातील जाणकार आलिमांना जरूर विचारावा. पण विचारताना जुन्याचे काय करणार, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

सांभाळायचे म्हणजे घरात, अंथरुणाशी आणायचे असे मात्र नव्हे. सूरह अल्-कहफमधील गुहावासीयांचा कुत्रा पुढचे पाय पसरून उंबरठ्याशी बसलेला दाखवला आहे. त्यांची संख्या सांगताना लोकांचे मतभेद झाले, पण प्रत्येक गणनेत कुत्रा धरलेला आहे. त्याची जागा उंबरठ्याशी होती आणि त्याची सोबत मोजली गेली. आपणही तेच करू शकतो : गोठ्याच्या आडोशाला छप्पर, थंडीत पोते, वेगळे भांडे, आणि नमाजची जागा व कपडे यांपासून अंतर. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ अपवित्र आहे. कोकणातील आपले शाफई बांधव त्याच्या ओल्या अंगाच्या स्पर्शाबाबतही काटेकोर असतात. त्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यांपैकी पहिल्यांदा मातीने, धुण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. पवित्रता राखण्यासाठी स्वच्छतेचे नियम दिले आहेत. क्रूरतेची गरज कोठेही सांगितलेली नाही.

दुसरा आणण्याचे ठरलेच, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नर आणि मादी एकत्र ठेवल्यास सुमारे 63 दिवसांच्या गर्भकाळानंतर पिलांची रास पदरात पडते, आणि मग तीच पिले पोत्यात घालून माळावर सोडली जातात. हे पाप अजाणतेपणी घडले असे म्हणता येणार नाही. हनफी फिक्हमध्ये हितासाठी जनावरांचे खच्चीकरण अनुमत मानले आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची चौकशी करावी. दोघांनाही रेबीजची लस वेळेवर द्यावी, कारण या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. दोन कुत्री मिळून पाठलाग करू लागतात, हेही विसरू नये. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या आसपास वावर असेल, तर काळविटाच्या पाडसावर ती धावणार नाहीत याची दक्षता मालकाचीच आहे. रस्त्याने जाणाऱ्या मुलांना आणि पहाटे मस्जिदीत जाणाऱ्या वृद्धांना त्यांची भीती वाटू नये, हा शेजाऱ्यांचा हक्क आहे. एवढे झेपत नसेल, तर दुसरा आणू नये. गरज खरी असली तरी.

आता त्या कुटुंबाकडे परत जाऊ. पिल्लू आणण्याची मुलाची सूचना गरज खरी असल्यास योग्य आहे. आजोबांची सावधगिरी त्या सूचनेला मर्यादा घालते. तिसऱ्याचा तोडगा मात्र नाकारला पाहिजे, कारण त्यात पुण्य वाचवण्यासाठी जुलूम करायचा आहे. तहानलेल्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला आणि त्याने आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून वर आणले. त्याला क्षमा मिळाली. तो कुत्रा त्याच्या कामाचा नव्हता, त्याने त्याची राखण केलेली नव्हती. आपल्या दारातल्या जिवाने तर दहा वर्षे आपल्यासाठी जागून काढली आहेत.

अल्लाह आपणा सर्वांना सवलतीची मर्यादा ओळखण्याची समज आणि आपल्या हाताखालील प्रत्येक जिवाचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.