मागे वळून वाचलेली भाकितं

येशूला क्रुसावर खिळल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे दोन अनुयायी यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघाले होते. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात ही हकिकत दिली आहे. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला येतो आणि हे दोघे उतरलेल्या चेहऱ्याने त्याला सांगतात, की इस्राएलची सुटका करणारा तो हाच, अशी आमची आशा होती. दोघेही यहुदी परंपरेत वाढलेले. दाविदाच्या वंशातल्या राजाविषयीची वचनं त्यांनी सभास्थानात लहानपणापासून ऐकलेली असणार. तरीही क्रूस पाहिल्यावर ‘लिहिलं होतं तसंच घडलं’ असं त्यांच्या मनात आलं नाही. सगळं संपलं, एवढंच त्यांना कळलं होतं.

भाकीत आणि पूर्तता यांचं नातं समजून घेताना मी या दोघांपासून सुरुवात करतो. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला हे नातं एखाद्या कुलुपकिल्लीसारखं शिकवलेलं असतं: सातशे वर्षांपूर्वी यशयाने सांगितलं, बेथलेहेमात ते घडलं. अम्माऊसच्या वाटेवरचा क्रम मात्र उलटा आहे. आधी घटना घडली, तिने माणसांना पार हादरवलं, आणि मग जुनी शास्त्रं पुन्हा उघडली गेली.

त्या शास्त्रांत काय होतं? मुळाशी एक राजघराणं होतं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा दावीद राजाला परमेश्वराचं वचन कळवतो, की तुझं घराणं आणि तुझं राजासन कायम टिकेल. राजाला तेलाने अभिषेक होई, म्हणून तो अभिषिक्त, म्हणजेच मशीहा. तो सिंहासनावर बसलेला राजा होता. पुढे कधीतरी येणारा तारणारा नव्हे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, राजाला बेड्या घालून नेलं. वचन उरलं आणि राजासन गेलं. वाट पाहणं सुरू झालं ते इथून. देवाचं वचन खोटं ठरत नाही असं मानणाऱ्या माणसांपुढे दुसरा मार्गच नव्हता: आज नसलेला राजा उद्या येणार.

त्यानंतरची पाचशे वर्षं ही आशा एका साच्यात कधीच बसली नाही. यशयाच्या पुस्तकातला पंचेचाळिसावा अध्याय पारसचा बादशहा कोरेश याला अभिषिक्त म्हणतो. परक्या, वेगळ्या धर्माच्या राजाला! बाबेलात नेलेल्या निर्वासितांना घरी परतण्याची मोकळीक त्यानेच दिली होती. पुढे मंदिर बांधायला निघालेल्या जरुब्बाबेलावर हाग्गय आणि जखऱ्या यांनी आशा ठेवली. दानीएलाच्या दृष्टान्तात आकाशाच्या मेघांसह येणारा मानवपुत्रासारखा कुणी दिसतो. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे यरुशलेमात शिरला, आणि त्या अपमानानंतर रचलेल्या ‘शलमोनाची स्तोत्रे’ या ग्रंथात परक्यांना हाकलणाऱ्या दाविदपुत्रासाठी कळकळीची याचना आहे. मृत समुद्राकाठी कुमरानला राहणारा पंथ तर दोन अभिषिक्तांची वाट पाहत होता, एक याजक आणि एक राजा.

या साऱ्या चित्रांत नसलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोमन सत्तेच्या हातून गुन्हेगारासारखा मारला जाणारा मशीहा यांत कुठेही ठळकपणे दिसत नाही. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात इतरांच्या पापांसाठी घायाळ होणारा, निमूटपणे मरणाला सामोरा जाणारा परमेश्वराचा सेवक आहे हे खरं. पण तिथे त्याला मशीहा म्हटलेलं नाही, आणि आसपासच्या अध्यायांत ‘सेवक’ म्हणून खुद्द इस्राएललाच हाक मारलेली आहे. राजा आणि हा सेवक एकच, असं म्हणायला येशूच्या मरणाआधी क्वचितच कुणी धजावलं असेल.

मग क्रूस घडला, आणि तो उठला आहे अशी काही माणसांची खात्री पटली. इ.स. ५५ च्या आसपास पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, की ख्रिस्त शास्त्राप्रमाणे मेला आणि शास्त्राप्रमाणे उठला. हे आपल्याला आधीच्यांकडून मिळालं, असंही तो सांगतो. म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस वर्षांत पुनर्वाचन पक्कं झालेलं होतं. बाविसावं स्तोत्र, यशयाचा त्रेपन्नावा अध्याय, जखऱ्याची शेवटची पानं, सगळ्यांवर नवा उजेड पडला. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये कूशी राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतो आणि फिलिप्प या सुवार्तिकाला विचारतो, की हा संदेष्टा स्वतःबद्दल बोलतोय की आणखी कुणाबद्दल? दोन हजार वर्षं त्या अध्यायाचे वाचक हाच प्रश्न विचारत आले आहेत.

हे वाचन कसं चाले, ते मत्तयाच्या शुभवर्तमानाकडे जवळून पाहिलं की कळतं. बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरिया मिसरात जाऊन राहतात, तेव्हा होशेय संदेष्ट्याचं वचन पूर्ण झालं, असं मत्तय म्हणतो. होशेयाच्या अकराव्या अध्यायातल्या त्या वचनात मात्र भविष्याविषयी अक्षर नाही. देवाने इस्राएलला, आपल्या पुत्राला, मिसरातून बाहेर बोलावलं, ही झालेल्या गोष्टीची आठवण आहे. मत्तयाला हे ठाऊक नव्हतं असं मानणं मला जड जातं, कारण तो शास्त्रात मुरलेला माणूस आहे. त्याच्या लेखी पूर्तता म्हणजे इस्राएलची सगळी वाटचाल, गुलामी, रान, परीक्षा, एका माणसात पुन्हा जगली जाणं. तोच मत्तय येशूच्या यरुशलेमप्रवेशाला गाढवी आणि शिंगरू अशी दोन जनावरं आणतो. मार्क, लूक आणि योहान एकावर भागवतात. जखऱ्याने हिब्रू काव्याच्या रीतीने एकच गोष्ट दोन चरणांत सांगितली होती, मत्तयाने दोन्ही चरणांना मान दिला. जुना ग्रंथ शेजारी उघडा ठेवून नवी कथा लिहिणारा हात इथे दिसतो. मला त्यात लबाडी दिसत नाही. ज्याने आपलं आयुष्य उलथवलं, त्याला सांगण्यासाठी आपल्याजवळच्या सर्वांत पवित्र शब्दांखेरीज दुसरी भाषाच त्या माणसापाशी नव्हती.

म्हणूनच येशूत पूर्ण झाल्याचं सांगितल्या जाणाऱ्या तीनशे भाकितांच्या याद्या आणि त्यांच्यावरून मांडलेली संभाव्यतेची गणितं मला अपुरी वाटतात. श्रद्धा बळकट करण्याच्या प्रामाणिक हेतूने ती केली जातात, पण त्यांत होशेय केवळ पुरावा उरतो. घर सोडून गेलेल्या मुलासाठी तळमळणारा त्याचा देव तिथून गळून पडतो.

दुसऱ्या शतकात हे नातं तोडण्याचा मोठा प्रयत्न झाला. मार्कियन नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणाला, जुन्या कराराचा देव वेगळा, येशूचा पिता वेगळा. इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि यहुदी शास्त्रं ख्रिस्ती बायबलात कायम राहिली. त्याच काळातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहून ठेवला. मशीहाला दुःख भोगावं लागेल हे त्रिफो त्यात मान्य करतो. तो अडतो क्रुसाशी, कारण झाडाला टांगलेल्याला नियमशास्त्र शापित ठरवतं. हा वाद आपल्या भाषेच्या दारापर्यंत पोचला तो वादाचा आवेश मागे टाकून. फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, १६१६ मध्ये ते छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा येते आणि दुसऱ्यात येशूचं चरित्र. पहिलं वाट पाहतं, दुसरं भेटतं.

पण मंडळीच्या हाती सत्ता आली, तेव्हा हेच वाचन हत्यार झालं. तुमच्याच ग्रंथात आहे आणि तुम्हाला दिसत नाही, असं यहुद्यांना बजावलं जाऊ लागलं. १२६३ मध्ये बार्सिलोनात आरागोनचा राजा जेम्स याच्यासमोर नाहमानिदेस या रब्बीला याच विषयावर जाहीर वादाला उभं केलं गेलं. त्याने दिलेलं उत्तर मला आजही अस्वस्थ करतं. मशीहाच्या काळात राष्ट्रं युद्ध विसरतील, असं संदेष्ट्यांनी म्हटलंय. येशूच्या काळापासून आजवर जग हिंसेने भरलेलं आहे, आणि रक्त सांडण्यात ख्रिस्ती लोक इतरांच्या पुढे आहेत, असं तो म्हणाला. काही वर्षांतच त्याला मायदेश सोडावा लागला. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत या आक्षेपाला उत्तर आहे: पूर्तता दोन टप्प्यांत आहे, पहिलं आगमन झालं, दुसरं व्हायचं आहे. मी ते मानतो. मात्र बार्सिलोनाच्या दरबारात नाहमानिदेसशी वाद घालणाऱ्यांच्या बाजूला राजाची तलवार होती, हेही विसरता येत नाही.

लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहून यशयाची गुंडाळी वाचतो. दीनांना सुवार्ता, धरून नेलेल्यांना सुटका, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष, आणि तिथे तो थांबतो. त्याच वाक्यात पुढे देवाच्या सूडाचा दिवस येतो. ते शब्द न वाचता तो गुंडाळी सेवकाच्या हाती देतो, खाली बसतो आणि सांगतो, की हा लेख आज पूर्ण झाला. ज्यांनी नंतर भाकितांची हत्यारं केली, त्यांनी हे थांबणं लक्षात घेतलं नाही.

२००१ मध्ये कॅथलिक चर्चच्या बायबल आयोगाने यहुदी शास्त्रांवर एक मोठा दस्तऐवज प्रसिद्ध केला. यहुद्यांचं मशीहाची वाट पाहणं व्यर्थ नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्यांचं वाचन हेही त्या शास्त्रांचं एक शक्य असलेलं वाचन आहे, हे तो कबूल करतो. येणारा येईल तेव्हा आम्हाला तो येशूच्याच रूपात ओळखू येईल, ही श्रद्धाही तो सोडत नाही. नाहमानिदेसच्या हयातीत हे कुणी लिहिलं असतं, तर त्याला आपलं गाव सोडावं लागलं नसतं.