लावलेले आणि उगवलेले

वसंताची वर्णने लिहिणाऱ्या बहुतेकांनी मराठवाड्यातला मार्च महिना पाहिलेला नसावा. आमच्याकडे फाल्गुन लागला की पळस फुलतो, पण तो अंगावर एक पान नसताना. कडुनिंब सारा पाला खाली टाकतो आणि थोड्याच दिवसांत तांबूस पालवी घेऊन उभा राहतो. नेमक्या त्याच दिवसांत विहिरीचा तळ दिसू लागतो, बोअर धाप टाकू लागते आणि टँकर कधी येणार याची गल्लीत विचारपूस सुरू होते. फुलणे आणि पाणी आटणे ही दोन्ही कामे आमचा वसंत एकाच वेळी उरकतो. सांभाळलेल्या बागेत हे फारसे जाणवत नाही, कारण तेथे पाइप असतो. वाऱ्यावर सोडलेल्या परसात मात्र कोण कशाच्या बळावर उभे होते, हे या दोन महिन्यांत उघडे पडते. पावसाळ्यात सगळेच हिरवे असते. त्यावरून काही कळत नाही.

अशा परसाकडे पाहून लोक म्हणतात, ‘बागेची फार आबाळ झाली हो.’ या ‘आबाळ’ शब्दापाशी मी बरेच दिवस अडकलो आहे. आपण पोरांची आबाळ झाली म्हणतो, म्हाताऱ्या माणसाची आबाळ झाली म्हणतो, आजाऱ्याची म्हणतो. जंगलाची आबाळ झाली असे कोणी म्हणत नाही. जंगलाची तोड होते, नासधूस होते. आबाळ होत नाही. माळावरच्या बाभळीकडे वर्षानुवर्षे कोणी लक्ष देत नाही, पण तिच्याविषयी हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. म्हणजे नुसते लक्ष न देणे पुरेसे नाही. आबाळ व्हायला आधी कोणीतरी कोणावर तरी अवलंबून असावे लागते. मग प्रश्न असा की, झाडाला आपल्यावर अवलंबून केले कोणी? आणि ज्याने केले तो निघून गेल्यावर ती जबाबदारी कोणाकडे जाते?

आमचे जुने घर लातूरच्या जुन्या वस्तीत आहे आणि घरामागे दीडेक गुंठ्याचे परस आहे. ते दादीने उभे केले. ‘बाग’ हा शब्द तिने कधी वापरला नाही. ती त्याला ‘पिछवाडा’ म्हणे. न्हाणीचे पाणी पन्हळीतून केळीच्या आळ्यात जाई, केळीचे भरले की अळूत, आणि उरलेसुरले लिंबाला. वजूचे पाणी मोगऱ्याला मिळावे म्हणून तिने मोगऱ्याच्या डब्याशेजारीच पाट मांडला होता. तांदूळ धुतलेले पाणी गुलाबाला. कडेला मेंदीचे कुंपण होते. ईद आली, कोणाचे लग्न निघाले की गल्लीतल्या मुली येऊन पाला ओरबाडून नेत आणि तीच त्या कुंपणाची वर्षाची छाटणी असे. बागेसाठी म्हणून वेगळे पाणी, वेगळा वेळ, वेगळा पैसा असे काही नव्हतेच. बाग घराच्या कामांच्या फटींत वाढली होती. त्यामुळे ती चालवायला कष्ट पडतात हेही कोणाला दिसले नाही. बायकांच्या बऱ्याचशा कामांचे असेच होते, पण तो विषय निराळा.

दादी २००८ साली गेली. मुले तोवर पुण्याला आणि आखातात. घरात भाडेकरू आले. त्यांनी न्हाणीच्या जागी टाइल्सचे बाथरूम करून मागितले आणि सांडपाणी जमिनीखालून गटारात गेले. त्याच उन्हाळ्यात केळ गेली, मागोमाग अळू गेले. कोणी ते तोडले नाही, तोडायचे असे ठरवलेही नाही. नळकाम करणाऱ्या माणसाला आपण केळीच्या तोंडचे पाणी काढून घेत आहोत, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. भाडेकरूंनी रास्त सोय मागितली, मालकांनी ती दिली. दोषी शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही, आणि तरीही आबाळ झाली हे खरे आहे. आपल्या नीतीच्या कल्पनांना ही गोष्ट पचत नाही. हानी दिसली की आपल्याला गुन्हेगार हवा असतो आणि गुन्हेगार नसेल तर हानीच झाली नाही असे आपण धरून चालतो.

पुढे २०१६ साल आले. मांजरा धरणातला साठा संपला, लातूरच्या नळांना पाणी येईनासे झाले, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी. मी त्या उन्हाळ्यात लातुरात होतो. बंगल्यांच्या कॉलनीतली हिरवळ एप्रिल संपायच्या आत गवताच्या पेंढीसारखी झाली. रोज सकाळी पाइपाने भिजणाऱ्या जास्वंदी काड्या होऊन उभ्या राहिल्या. आमच्या परसात मात्र मेंदी जिवंत होती, कडुनिंबाला मोहर होता आणि शेवग्याच्या शेंगा भिंतीपलीकडचे शेजारी आकडीने काढून नेत होते. त्यांना सात-आठ वर्षांत बादलीभर पाणी कोणी घातले नव्हते.

याचे कारण साधे आहे. रोज थोडे थोडे वरवर पाणी मिळाले की मुळे वरच्या वीतभर मातीत पसरतात. खाली जायची त्यांना गरजच पडत नाही. ज्याला पाणी मिळत नाही ते झाड एकतर मरते किंवा मुळे खोल घालते. मग दुर्लक्षच बरे, असा सिद्धांत त्या वर्षी काही मंडळींनी मांडलाही. ‘लाड केले ते मेले,’ असे म्हणताना त्यांचा रोख झाडांपेक्षा स्वतःच्या मुलांकडे अधिक होता, हे ऐकणाऱ्याला कळत असे. पण हा हिशेब अर्धवट आहे. त्या परसात मोगरा होता, दोन गुलाब होते, लिंबू होते, केळ होती. जी आधीच मेली ती २०१६ साली मोजायला शिल्लक नव्हती. तगलेल्यांकडे बोट दाखवून उपेक्षेचे गुण गाणाऱ्याने न तगलेल्यांची यादीही वाचून दाखवली पाहिजे.

या बाबतीत जपानच्या मासानोबू फुकुओका यांचा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. नैसर्गिक शेतीचा हा पुरस्कर्ता आपल्याकडे चांगलाच परिचित आहे. तरुणपणी नोकरी सोडून गावी परतल्यावर, निसर्गात माणसाने ढवळाढवळ करू नये या नव्या विचाराच्या भरात त्यांनी वडिलांच्या संत्र्याच्या बागेची छाटणी थांबवली. फांद्या एकमेकींत गुंतल्या, किडींनी हल्ला केला आणि बाग वाळून गेली. हे त्यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांनी काढलेला अर्थ असा की, पहिल्यापासून आपल्या वळणाने वाढलेले झाड आणि माणसाच्या कात्रीने घडवलेले झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घडवलेल्या झाडावरून हात काढून घेणे म्हणजे त्याला निसर्गाच्या हवाली करणे नव्हे. ते टाकून देणे आहे.

मराठीत आपल्याकडे यासाठी ‘लळा’ हा शब्द आहे. लळा लागतो आणि लळा लावताही येतो. लागला तर इलाज नाही. लावला तर मात्र लावणाऱ्याचे काही देणे निर्माण होते. कुंडीतला मोगरा हे याचे सर्वांत उघड उदाहरण. आपण त्याची मुळे जमिनीपासून तोडून एका डब्यात ठेवली. खोल जाण्याचा मार्गच बंद केला. आता एप्रिलमध्ये रोज तांब्याभर पाणी हा त्याच्यावर केलेला उपकार नाही. काढून घेतलेल्या जमिनीचे ते भाडे आहे. बांधावरच्या कडुनिंबाचे आपण असे काहीच देणे लागत नाही. त्याला पाणी घातले तर चांगलेच, नाही घातले तर तो आपले काही अडवून धरत नाही.

माझे एक स्नेही कृषी महाविद्यालयात शिकवत असत. त्यांना हे सारे भाबडेपणाचे वाटते. ‘झाडाला यातना नाहीत, आठवण नाही, त्याच्यावर अन्याय होईल कसा?’ असे ते विचारतात. झाडाला काय जाणवते याविषयी मी वाद घालत नाही. परंतु देणे हे घेणाऱ्याच्या जाणिवेवर अवलंबून असते असे मला वाटत नाही. तान्ह्या मुलालाही आपला हक्क कळत नसतो. व्यवहार आपण केला आहे. तो पुरा करायचा की नाही हा प्रश्न आपल्यासंबंधी आहे. स्नेह्यांना हे पटलेले नाही, हेही येथे नोंदवतो.

मग जे आपोआप उगवले त्याचे काय? आबाळ झालेल्या परसात वसंतात सर्वांत टवटवीत दिसतात ती हीच मंडळी. गटाराचा पाइप फुटून जेथे ओल राहते तेथे गाजरगवत मार्चमध्येही फुललेले असते. त्याची नोंद पुण्यात १९५५-५६च्या सुमारास झाली आणि आज ते देशभर आहे. कित्येकांच्या अंगाला त्याने खाज सुटते. ते उपटण्याबद्दल माझ्या मनात काही द्विधा नाही. घाणेरीचे प्रकरण मात्र थोडे विचार करायला लावणारे आहे. रंगीत गुच्छांची ही झुडपे अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेसाठी म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. बागेतून कुंपणावर, कुंपणावरून जंगलात गेली आणि आता तिला आवरता येत नाही. आज जे ‘आपोआप उगवलेले’ म्हणून आपण हात झटकतो, ते दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने लावलेले होते. तेव्हा लावलेले आणि उगवलेले यांतली रेघ आपण समजतो तितकी स्वच्छ नाही. भिंतीच्या फटीत आलेला पिंपळ तर कावळ्याने लावलेला आहे. तो हातभर असताना काढला तर भिंत वाचते. हा निर्णय पुढे ढकलणाऱ्याला पुढे भिंत किंवा झाड यांपैकी एक गमवावे लागते.

सर्वांत अवघड निघाला तो गुलाब. दादीच्या दोन गुलाबांपैकी एक पूर्ण गेला. दुसरा यंदा फेब्रुवारीत जोमाने फुटलेला दिसला. जवळ जाऊन पाहिले तर पाने बारीक, फांद्या लांबच लांब आणि काट्यांनी भरलेल्या. फुटवा डोळा भरलेल्या जागेच्या खालून आला होता. रोपवाटिकेतला गुलाब हा बहुधा दोन झाडांचा संसार असतो: खाली काटक रानगुलाबाचे मूळ, वर त्यावर बांधलेला शोभेचा डोळा. माळी खालचे फुटवे काढत राहतो म्हणून वरचा जगतो. पाणी तुटले, हात थांबला, तेव्हा वरचा वाळला आणि इतकी वर्षे त्याला अन्नपाणी पुरवणारा खालचा मोकळा झाला. त्याला फूल आलेच तर लहान आणि फिकट येईल. जाणकारांच्या मते असे झाड ‘बिघडलेले’ असते व ते उपटून नवे लावावे. पण हे झाड बिघडले म्हणजे नेमके काय झाले? आपण ज्याच्याकडून काम करून घेतले, पण ज्याचे फूल आपल्याला कधीच नको होते, ते झाड प्रथमच स्वतःच्या नावावर जगते आहे. निवृत्तीनंतर घरी राहायला आलेल्या चाचीला मी हे समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “गुलाबच हय ना वो? फिर रहने दो.” मी जो फरक तिला पटवू पाहत होतो, तो तिने मोजलाच नाही.

हा विचार परसापुरता ठेवता आला असता तर बरे झाले असते. पण मांजरेच्या खोऱ्यात राहणाऱ्याला ते जमत नाही. येथे उसाला पाण्याचा लळा लावला गेला, आणि उसाबरोबर शेतकऱ्याला, तोडणी कामगाराला, कारखान्यावर पोट असणाऱ्या गावांना. आता पाणी कमी पडल्यावर ‘ऊस लावू नका’ हा सल्ला बरोबरच आहे; पण तो देणाऱ्यांनी लळा कोणी लावला याचीही आठवण ठेवायला हवी. घराघरांतूनही असेच दिसते. परदेशातला मुलगा आईला रोज रात्री नऊला फोन करतो. दोन वर्षांनी तो आठवड्याला येऊ लागतो. आठवड्याला एक फोन हे मुळात काही कमी नाही. पहिल्यापासून तसाच असता तर तिने आपला दिवस निराळा बांधला असता. आता नऊ वाजले की ती टीव्हीचा आवाज कमी करते.

यंदा भावंडांत परसाला पेव्हर ब्लॉक घालायची चर्चा चालली आहे. गाडी लावायला जागा हवी आणि चाचीच्या गुडघ्यांना सपाट जमीन हवी. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. माझे म्हणणे इतकेच होते की, जे ठरवायचे ते ठरवून करावे. केळीसारखे नकळत होऊ देऊ नये. झाडे तोडायची तर ती आधी एकेक करून पाहावीत. त्याप्रमाणे आम्ही मार्चच्या दुसऱ्या रविवारी परसात फिरलो. मेंदी राहणार, कारण तिला काही लागत नाही आणि गल्लीला ती लागते. कढीपत्त्याभोवती उगवलेली रोपे काढून थोरले झाड ठेवायचे. शेवगा गाडीच्या आड येतो, तो जाणार. फांदी लावली तरी तो पुन्हा येतो, म्हणून शेजाऱ्यांना फांद्या द्यायच्या. लिंबाची एकच फांदी हिरवी आहे, तिला मोहरही आहे. न्हाणीचे सांडपाणी पुन्हा त्याच्याकडे वळवता येईल का, हे पाहायला माणूस बोलावला आहे. मोगरा नव्याने आणायचा का, यावर एकमत झाले नाही. चाचीला हवा आहे. पण तिच्यानंतर पाणी कोण घालणार हे तिनेच विचारले, आणि यावेळी डब्यात नव्हे, जमिनीत लावू, असे म्हणाली.

कोपऱ्यात सीताफळाचे झाड आहे. एक पान नाही, फांद्या करड्या पडलेल्या. गवंडी म्हणाला, हे वाळले आहे, आजच काढून टाकतो. सीताफळ या दिवसांत असेच दिसते. नखाने साल खरवडली तर आत हिरवे आहे की नाही ते कळते, पण आमच्यातल्या दोघांना हिरवे दिसले आणि दोघांना दिसले नाही. एप्रिल संपेपर्यंत तेवढी जागा सोडून काम करायचे, असे ठरले आहे.