अर्धेलीतला हिशेब

उन्हाळ्यात सातारा-सांगलीकडे कांदा-लसूण मसाल्यासाठी डंकावर रांगा लागतात. सामानात दगडफूल असतेच. फार जुने नसेल तर त्याचा तुकडा भिजवून वरची राखाडी साल नखाने हलकेच खरवडावी. खाली हिरवट पापुद्रा दिसतो. तो शैवालाचा, बाकी सगळी बुरशी. १८६९ मध्ये सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने ही जोडी सविस्तर मांडली, तेव्हा बुरशीला त्याने धनी म्हटले आणि शैवालाला गुलाम. तेव्हाच्या जाणकारांना ते रुचले नाही. पुढे पाठ्यपुस्तकांनी मामला गोड करून टाकला: एकाने घर द्यायचे, दुसऱ्याने अन्न. मला श्वेंडेनर जास्त रोखठोक वाटतो.

अशीच जोडी समुद्रातही आहे. मालवणला, १९८७ साली सागरी अभयारण्य झालेल्या पट्ट्यात, प्रवाळ आहेत. प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या पेशींत शैवाल राहते, चौरस सेंटिमीटरला दहा लाखांच्या घरात. उन्हावर ते साखर बनवते आणि तिचा मोठा हिस्सा प्रवाळाला जातो. त्याच जोरावर तो चुन्याचा सांगाडा रचतो, उजेडात अंधारापेक्षा साधारण तिप्पट वेगाने. शैवाल मात्र फारसे वाढत नाही. नायट्रोजन बेताचाच मिळतो, त्यामुळे नव्या पेशी होत नाहीत आणि उरलेली साखर यजमानाच्या पदरात पडते. अर्धेलीने रान कसणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

गंमत म्हणजे खत वाढले तर तोटा यजमानाचाच. सांडपाण्यातून, शेतांतून नायट्रोजन समुद्रात उतरला, की शैवाल साखर स्वतःच्या वाढीला लावते. प्रवाळ उपाशी राहतो आणि ऊष्मा सोसण्याची त्याची ताकद घटते. (सांगलीच्या उसाचा युरिया मालवणला पोचत नाही, कृष्णा त्याला पूर्वेला नेते. पण युरिया टाकणारा हात किनाऱ्यामागेही सैल असू शकतो.)

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की व्यवहार मोडतो. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढराफटक पडतो. मालवणातही हे नोंदले गेले आहे. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो, नाहीतर भुकेने मरतो. धनी म्हणवणाऱ्याची मालकी एवढीच. यातली काही शैवाले यजमानाबाहेरही तग धरतात. दगडफुलातले शैवाल तर प्रयोगशाळेतल्या बशीत एकटे खुशाल वाढते. त्याची बुरशी एकटी पडली की कशीबशी वाढून नुसता गोळा होते, पान धरत नाही.