अनसूयेच्या दारातलं ऊन



दत्तभक्तहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मार्गशीर्षाची थंडी असेल. पहाटेच्या काकडआरतीला जाताना कानाला मफलर असेल, आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी जन्मकाळाच्या वेळी देवळाच्या फरशीवर पाय गारठतील. अशा दिवसांत हा माणूस वैशाखातल्या उन्हाचं काय घेऊन बसला, असं कुणालाही वाटेल. पण ज्या कथेसाठी आपण त्या संध्याकाळी जमतो, ती कथा मला दरवर्षी भर उन्हाळ्यातली वाटते. कदाचित मी वऱ्हाडातला, अकोल्याचा, म्हणूनही असेल.

गुरुचरित्राचा चौथा अध्याय आठवा. अनसूयेच्या सामर्थ्याचं वर्णन तिथे कसं केलंय? ती अस्त्रं सोडत नाही, शाप देत नाही. तिच्या भीतीने सूर्य मंद तपतो, अग्नी शीतळ होतो, तिच्या पायाखालची भूमी मऊ होते. देवांना धाक वाटतो तो याचाच. लहानपणी मला हा निव्वळ चमत्कार वाटायचा. आता घरात तीन पिढ्या आणि मे महिना एकत्र सांभाळताना वाटतं, हे तर एका घराचं वर्णन आहे. बाहेर सगळं रान पेटलंय, आणि या एका दारात पाय ठेवला की गार वाटतं. अतिथीला विन्मुख न पाठवणारी बाई जिथे उभी असते, तिथली जमीन येणाऱ्याच्या पायाला पोळत नाही. आणि ब्रह्मा-विष्णू-महेश तिच्याकडे आले ते भुकेले अतिथी होऊन. अतिथीची वेळ कोणती? मध्यान्ह. अत्री ऋषी घरात नाहीत, मागणी विचित्र, तरीही तिने दार लावून घेतलं नाही. तिने दार लावलं असतं, तर दत्तजन्म झाला नसता. इतकी साधी गोष्ट आहे ही.

आता आमच्याकडचं ऊन सांगतो, म्हणजे ‘दार लावणं’ म्हणजे काय ते कळेल. हवामान खात्याच्या हिशेबाने सपाटीवर पारा चाळीसच्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की उष्णतेची लाट, आणि ४५ ला पोचला तर हिशेब न करताच लाट. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, तेव्हा प्रशासनाला ३१ मेपर्यंत कलम १४४ लावावं लागलं. दंगलीसाठी लावायचे ते कलम उन्हासाठी लागलं! सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की आमच्याकडे नवतपा म्हणतात, साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस. त्या दिवसांत घराचं सगळं वेळापत्रक उलटं होतं. पहाटे साडेचारला उठायचं. नळ आला असेल त्या दिवशी आधी रांजण, मग माठ, मग कूलरची टाकी. गच्चीवर शिंपण. कूलरचं गवत भिजलंय का, मोटर पाणी चढवतेय का, हे बघायचं. माठात वाळ्याची पुरचुंडी. नऊ वाजले की खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दारालाही आतून कडी. आणि मग संध्याकाळी सहापर्यंत घर म्हणजे एक अंधारी गुहा. बाहेर जाणाऱ्याच्या डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. (कांद्याने ऊन लागत नाही की काय, याची ग्वाही मी देणार नाही. पोटात पाणी आणि डोक्यावर कपडा असू द्या, मग खिशात कांदा ठेवा नाहीतर बटाटा.)

या सगळ्यात चूक काही नाही. दार लावलंच पाहिजे, नाहीतर घरातली म्हातारी माणसं आणि लेकरं तगणार नाहीत. पण प्रश्न साडेबाराला उभा राहतो. कारण तीच वेळ महाराजांच्या भिक्षेची.

आपला दत्त बसून राहणारा देव नाही. परंपरा सांगते, त्याचं स्नान एका ठिकाणी, निद्रा माहूरला, आणि दुपारची भिक्षा कोल्हापुरात. गाणगापुरात तर आजही दुपारी माधुकरीची धांदल असते. महाराज या वेळी कोणत्याही रूपात भिक्षेला येतात, या श्रद्धेने लोक वाढायलाही उभे राहतात आणि झोळी घेऊन मागायलाही. मोठमोठे नोकरदार तिथे पाच घरं मागतात. आणि तेच आपण, आपल्या गावात, मे महिन्यात, साडेबाराला बेल वाजली की म्हणतो, ‘‘कोण आहे आता मरायला!’’

कोण असतं सांगू? पार्सल घेऊन आलेला पोरगा. वीजमीटरचा फोटो काढणारा. कचऱ्याची गाडी उशिरा आली म्हणून धावणारी बाई. सिलिंडरवाला. एवढ्या उन्हात हौसेने कुणी दारात येत नाही, बरं का. ज्याला घरात बसणं परवडत नाही तोच येतो.

त्याच वर्षीची गोष्ट. आमच्याकडे आई आहे, वय ८२. पन्नासएक वर्षं तिचा नेम की ठीक बारा वाजता दत्ताला ताज्या, वाफाळत्या सैपाकाचा नैवेद्य. वरण, भात, पोळी, भाजी, आणि गुरुवारी काहीतरी गोड. आता ती स्वतः ओट्याजवळ उभी राहू शकत नाही, सैपाक माझी बायको करते. म्हणजे सगळं घर कूलरसमोर, आणि ती अकरा ते बारा गॅसपुढे. आमच्या सैपाकघराला एकच खिडकी, तीही पश्चिमेला. पंखा लावावा तर गॅस विझतो. मी आईला म्हटलं, सैपाक सकाळी सातला उरकू, नैवेद्य बाराला दाखवू. आईला ते रुचलं नाही. ‘‘शिळं दाखवतं का देवाले? आमी चुलीपुढं नाई का केलं?’’ दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. बायकोनेही मलाच गप्प केलं, ‘‘राहू द्या, मला सवय आहे.’’ हे वाक्य आपल्या घराघरांत किती ऐकू येतं! घरातलं सगळ्यात तापलेलं माणूस हेच वाक्य म्हणत असतं. उन्हात उभं असलेलं माणूस दाराबाहेरच असतं असं नाही. ते आपल्या ओट्याजवळही असतं.

तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. पावणेबारा झाले असतील. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं सिलिंडर घेऊन एक पोरगा आला. आत गॅस १४ किलो २०० ग्रॅम, लोखंड धरून तीस किलोच्या आसपास वजन, खांद्यावर. जिना चढून गेला, रिकामं घेऊन उतरला, आणि शेवटच्या पायऱ्यांवर बसला तो उठेना. रिकाम्या सिलिंडरचा आवाज झाला म्हणून मी कडी काढली. डोळे जड, बोलणं अडखळतं, शर्ट भिजून वाळून मिठाचे पट्टे उमटलेले. त्याला आत घेतलं, कूलरसमोर निजवलं, पायाखाली उशी दिली, मानेला-काखेला ओली फडकी लावली. जरा भानावर येऊन पाणी मागायला लागला, तेव्हा बायको साखर-मीठ कुठे म्हणून वळली. तोवर आई भिंतीला धरत देवघरातून आली. तिच्या हातात नैवेद्याच्या ताटातली ताकाची वाटी होती. अजून देवाला दाखवलेली नव्हती. तिने ती त्या पोराच्या तोंडाशी लावली. ‘‘हळू पी रे बापू. घोट घोट पी.’’ त्याने पिऊन झाल्यावर तिने दुसरी वाटी आणवली.

पोरगा अर्ध्या-पाऊण तासाने सावरला. त्याच्या गाडीवरच्या जोडीदाराला बोलावून घेतलं, दवाखान्यात दाखवून घे म्हणून त्याच्यासोबत पाठवलं. संध्याकाळी निरोप आला, बरा आहे.

नाथांच्या कावडीची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. रामेश्वराला न्यायचं गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. कीर्तनात ती ऐकताना आपण माना डोलावतो. पण आईची गोष्ट कीर्तनासारखी तिथे संपली नाही. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली, तेव्हा तिने हळूच विचारलं, ‘‘नैवेद्याआधी दिलं मी त्याले. पन्नास वर्सांत असं झालं नाई. चाललं असंल का रे?’’

भक्तहो, त्या प्रश्नाला हसू नका. ज्याने आयुष्यभर नेम पाळलाय त्यालाच तो मोडल्याची कळ कळते. ज्याला नेमच नाही त्याला कसली कळ? मी तिला अठराव्या अध्यायातली गोष्ट सांगितली. नरसोबाच्या वाडीला असताना नृसिंहसरस्वती महाराज अमरापुरात एका गरीब ब्राह्मणाच्या दारी भिक्षेला गेले. घरात धान्याचा दाणा नव्हता. त्या घरच्या बाईने दारातल्या घेवड्याच्या वेलाच्या शेंगांची भाजी वाढली. महाराजांनी ती घेतली. पुढे वेल उपटणं, मुळाशी धनाचा हंडा सापडणं, हे सगळं आपल्याला आठवतं. मला मात्र ती भाजी आठवते. महाराजांनी विचारलं नाही, चार पदार्थ कुठे आहेत म्हणून. ती वाफाळती होती की नाही, हेही विचारलं नाही. दाराशी आल्यावर जे होतं ते मिळालं, आणि ते तृप्त झाले.

आई काही बोलली नाही. सकाळी पाचला मात्र तिचाच आवाज सैपाकघरातून आला. सुनेला म्हणत होती, ‘‘आता हे ऊन उतरेपर्यंत सकाळीच कर सगळं. बाराले देवाले दहीभात अन् ताक. त्यालेबी गारच बरं वाटत असंल.’’ पंढरपुरात नाही का, गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात! महादेवावर गळती ठेवतात. देवाला ऊन लागतं, हे आपल्या पूर्वजांनी कधीच मान्य केलंय. सुनेला लागतं, हे मान्य करायला तेवढा उशीर होतो.

एक गोष्ट जरा कठोरपणे सांगायची आहे. वैशाखात पारायणाला बसणारे बरेच जण वाचन होईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत. त्यात वय सत्तरीच्या पुढचं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू. वय वाढलं की तहान लागणंच कमी होतं, शरीर सुकत जातं आणि कळत नाही. गोळ्यांचं आणि पाण्याचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. तापलेलं अंग, असंबद्ध बोलणं, शुद्ध हरपणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत. तेव्हा अंगारा लावा, ना नाही, पण आधी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र तीर्थसुद्धा ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

कुणी म्हणेल, सोसणं हीच तपश्चर्या. एकोणिसावा अध्याय काय सांगतो? हिरण्यकशिपूचं पोट फाडल्यावर नृसिंहाच्या नखांचा दाह होऊ लागला. साक्षात देव! तो सोसत बसला का? लक्ष्मीने औदुंबराची फळं आणली, त्याने त्यांत नखं रोवली आणि दाह शमला. म्हणून तर औदुंबराला वर मिळाला, म्हणून आपण त्याला प्रदक्षिणा घालतो. ज्या झाडाखाली आपण पारायणाला बसतो, ते झाडच मुळी दाह शमवल्याबद्दल पूज्य झालेलं आहे. त्याच्या सावलीत बसून कोरड्या घशाने चक्कर येऊन पडायचं, हे माझ्या तरी बुद्धीला पटत नाही.

त्या वर्षापासून आमच्या दाराबाहेर, जिन्याखालच्या सावलीत एक रांजण असतो. वाळूवर ठेवलेला, भोवती ओलं गोणपाट, वर झाकण, साखळीला बांधलेला गडवा. शेजारी एक बाकडं. रांजण गार कसा होतो, माहीत आहे ना? त्याच्या अंगातून थोडं थोडं पाणी पाझरत राहतं, ते वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. गुळगुळीत, पक्क्या भाजलेल्या, बाहेरून रंगवलेल्या माठात पाणी गार होत नाही, कारण तो थेंबही बाहेर सोडत नाही. आमचे कुंभारदादा म्हणतात, ‘‘पाझरला तर थंडा.’’

साडेबाराला बेल वाजली की कडी काढायला आता बहुतेक वेळा आईच उठते. भिंतीला धरत जाते, वेळ लागतो, बाहेरचा माणूस दोनदा बेल वाजवतो. ‘‘आली रे, आली,’’ म्हणते. चार कुत्री जिन्याखाली येऊन निजतात, त्यांच्यासाठी तिने जुनं घमेलं भरून ठेवायला लावलंय. त्यांना हाकललेलं तिला चालत नाही, आणि का चालत नाही ते दत्तभक्तांना सांगायला नको.

कुंभार उन्हाळ्याची भांडी थंडीतच घडवायला घेतात. आमच्या रांजणाला यंदा तळाशी बारीक चीर गेली आहे. दत्तजयंतीचा उत्सव उरकला की कुंभारवाड्यात जाऊन नवा सांगून यायचा आहे. आई म्हणते, या वेळी थोडा मोठा घे.