हातातली जागा सोडताना

नीटचा निकाल लागला की लातूरच्या क्लासेसमध्ये रिपीटर बॅचसाठी विचारपूस सुरू होते. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही, त्यांनी तिथे जाण्यात नवल नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्या मुलांची. गोंदिया किंवा नंदुरबारच्या शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळत असतो, पण मुंबईचे केईएम किंवा पुण्याचे बीजेच हवे म्हणून ही मुले ‘ड्रॉप’ घ्यायला निघतात. यातल्या बहुतेकांनी तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये होते आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरला जातो. तिथे पुन्हा बसण्यात गमावण्यासारखे काही नाही. नीट मात्र वर्षातून एकदाच होते आणि तिची रँक त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालते. जागा सोडली की यंदाचे यश संपले. पुढच्या मे महिन्यात पाटी कोरी.

शिवाय ‘चांगले मार्क’ किती पक्के असतात? १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला उणे एक. दोन पर्यायांत अडकून अंदाजाने दिलेले एक उत्तर पाच गुणांचा फरक करते. अशी सहा उत्तरे इकडची तिकडे झाली तर ३० गुण गेले, आणि वरच्या गर्दीत तेवढ्याने कॉलेजच नव्हे, कधी जिल्हाही बदलतो. पेपरही दरवर्षी सारखा नसतो. २०२४च्या पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते, अंतिम सुधारित निकालात ते १७ उरले. २०२५ला भौतिकशास्त्राने भल्याभल्यांना घाम फोडला आणि देशात पहिल्या आलेल्याचे गुण होते ६८६. गेल्या वर्षीच्या कट-ऑफवरून ‘अजून वीसच मार्क हवे होते’ असे म्हणणे म्हणूनच फसवे आहे.

त्यापेक्षा वर्षभराच्या टेस्ट सिरीजचे आकडे काढून बसावे. प्रत्यक्ष परीक्षेत त्यांहून जास्त मिळाले असतील, तर त्या दिवसाने साथ दिली आहे. पुढच्या खेपेला गुण वाढण्यापेक्षा नेहमीच्या पातळीवर येण्याचाच संभव अधिक. उलट, सातत्याने वर असलेली मुलगी परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणली असेल, तर तिच्या ड्रॉपला आधार आहे.

मोठ्या रुग्णालयात रुग्णांची विविधता जास्त, हे मला मान्य आहे. पण पदवी तीच, अभ्यासक्रम तोच आणि पुढची नीट-पीजीही एकच. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, मग तीन वर्षांचे पीजी, अशा लांब वाटेवर अठराव्या वर्षी तेच एमसीक्यू पुन्हा सोडवण्यात एक वर्ष घालवायचे, तेही शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहता येत असताना. मला हा सौदा महाग वाटतो.

तरीही एखादीने पूर्ण विचाराने जागा सोडली, तर आई-वडिलांनी तिला आजच सांगावे: पुढच्या वर्षी याहून लांबचे कॉलेज लागले तरी तिथे आनंदाने पाठवू, आणि सोडलेल्या जागेचा विषय घरात कधीही काढणार नाही.