दया आणि ममता

दया व ममता या दोन वृत्ती बाह्यतः सारख्याच भासतात. परंतु त्यांचे स्वरूप भिन्न आहे. दया दुसऱ्याचे दुःख पाहते; ममता 'हे माझे' एवढेच पाहते. हा भेद बालमनास कसा उमजावा, हा गृहस्थापुढील विचारणीय प्रश्न होय.

अंगणात चिमणीचे पिल्लू पडलेले दिसते. मूल ते उचलून खोक्यात ठेवते, दूधपोळी भरवू पाहते. हेतू शुद्ध, परंतु पिल्लाचे हित त्यात नाही. पिसे फुटलेले, उड्या मारणारे पिल्लू बहुधा उडण्यास शिकत असते व त्याचे आईबाप जवळपासच असतात. मांजराच्या वाटेतून उचलून त्यास झुडपात ठेवावे आणि दूर व्हावे, हेच खरे साह्य. मनुष्याचा स्पर्श होताच पक्षी पिल्लास टाकतात, हा समज निराधार आहे. पिल्लू जखमी असल्यास मात्र पशुवैद्याचे वा वनखात्याचे साह्य घ्यावे.

येथे अशी शंका संभवते की, प्राणी घरी ठेवून त्याला जीव लावल्यावाचून मुलाच्या ठायी दया उपजेल कशी? याचे समाधान असे. पिंजऱ्यातील पोपटास मिरची भरवणारे मूल त्यावर प्रेम करते खरे. पण त्या प्रेमाची किंमत पोपट देतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळण्यास मनाई आहे. शिवाय वर्षानुवर्षे कोंडलेला पक्षी एकाएकी सोडल्यास जगेलच असे नाही. म्हणून तो मुळात विकत घेऊच नये, हा विवेक मुलास आधी द्यावा.

लीळाचरित्रातील ससा पारध्यांच्या भयाने सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली शिरला. स्वामींनी त्या शरणागतास पारध्यांच्या स्वाधीन केले नाही. आणि भय टळल्यावर जवळही ठेवले नाही, जाऊ दिले. त्या रक्षणाइतकाच तो निरोपही मननीय आहे.

हा आचार घरी सहज घडू शकतो. उन्हाळ्यात पसरट परळात पाणी ठेवावे व ते भांडे रोज घासावे. अस्वच्छ पाण्याने रोग पसरतात. चिमणी स्वतः दाणे टिपते, परंतु पिल्लांस मुख्यतः किडे भरवते. म्हणून परसात कीटकनाशक फवारून अंगणात तांदूळ टाकणे ही दया अपुरी होय. वळचणीतील घरटे विणीच्या दिवसांत काढू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, ती पाखरांचे पंख व माणसांचे गळे कापले जातात म्हणून. तो मांजा मुलाने संक्रांतीस आपण होऊन नाकारावा, असे त्यास समजावावे.

यात मुलास काही सोडावे लागते: कधी मांजा, कधी पिल्लू, कधी पोपटाचा हट्ट. जिच्यासाठी स्वतःचे काहीच सोडावे लागत नाही, ती दया अद्याप ममताच आहे. आणि हे सोडणे मूल शब्दांनी शिकत नाही. वडीलधाऱ्यांच्या आचरणातून शिकते.